रमाबाईंनी नाकारलेलं दुसरं जोखड

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शाळेच्या पुस्तकातला एखादा धडा, पांढऱ्या साडीतला फोटो, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. घरातल्या जुन्या बायकांना विचारलं तर त्या आणखी एक गोष्ट सांगतात: विद्वान होती हो, पण ख्रिस्ती झाली. आणि बहुतेक वेळा रमाबाईंची गोष्ट तिथंच संपते.

खरं तर तिथून पुढची गोष्ट फार वेगळी आहे. एका धर्माचे नियम सोडून आलेल्या या बाईपुढं दुसऱ्या धर्माच्या माणसांनीही नियमांची यादी ठेवली. ती यादीही त्यांनी मान खाली घालून घेतली नाही. ज्यांच्या घरात राहत होत्या, ज्यांचं अन्न खात होत्या, त्यांच्याशीच त्या वाद घालत राहिल्या. मैत्रिणींनो, आज सांगायचं आहे ते या दुसऱ्या भांडणाविषयी.

पण दुसरं भांडण कळायचं तर आधी पहिलं समजून घ्यायला हवं.

नियम सगळे पाळले, तरी...

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. तरुणपणी गुरूंबरोबर पेशव्यांच्या वाड्यात जाताना त्यांनी पाहिलं, की तिथं राणीला संस्कृत शिकवलं जातंय. बाई संस्कृत शिकू शकते, हे त्यांच्या मनानं तेव्हाच घेतलं. पहिल्या बायकोला शिकवायला गेले, तर घरच्यांनी मोडता घातला. ती वारल्यावर दुसरं लग्न झालं लक्ष्मीबाईंशी. त्या वेळच्या रीतीप्रमाणं नवरी जेमतेम नऊ वर्षांची. या लक्ष्मीबाईंना मात्र त्यांनी संस्कृत शिकवलंच. लोकांचा जाच झाला तेव्हा गाव सोडून रानात बिऱ्हाड केलं.

लहानग्या रमाला संस्कृत शिकवलं ते आईनं. पहाटे अंधारात आई तिला उठवायची आणि मांडीवर घेऊन श्लोक म्हणून घ्यायची. बारा-तेरा वर्षांची होईतो भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले होते.

शास्त्रीबुवा बायकोला शिकवण्याइतके पुढारलेले असले, तरी बाकी सगळ्या बाबतींत कर्मठच होते. घर मोडलं तसं सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. या देवळातून त्या देवळात, पुराण सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करत. उपास, व्रतं, स्नानं, दानं, ब्राह्मणभोजन, काही म्हणजे काही चुकवलं नाही. होतं नव्हतं ते दानधर्मात घातलं.

आणि मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई सुरू झाली. पुढं तर भीषण दुष्काळच पडला. पैसे संपले, दागिने संपले, भांडी संपली. कित्येक दिवस पाणी आणि झाडाची पानं खाऊन काढले. वडील गेले, आई गेली, मागोमाग थोरली बहीण गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. पायाला चपला नाहीत, अंगावर धड कपडा नाही. थंडीत नदीकाठच्या वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून झोपायचं.

सगळे नियम पाळले होते. तरी असं का झालं? हा प्रश्न त्या पोरीच्या मनात तेव्हा रुतून बसला.

पंडिता झाली, विधवा झाली

बहीणभाऊ चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मराठी मुलीची परीक्षा घेतली आणि चकित होऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. सभांमधून, बायकांच्या मेळाव्यांतून तिची व्याख्यानं होऊ लागली.

बायकांपुढं बोलायचं म्हणून धर्मशास्त्राचे ग्रंथ नीट वाचायला घेतले, आणि वाचता वाचता तिला एक गोष्ट खटकली. ग्रंथांचं आपसांत कशावरच एकमत नाही. एक म्हणतो हे करा, दुसरा म्हणतो ते करा. पण बाईचा आणि शूद्राचा विषय आला की सगळे एका सुरात बोलतात! बाईला स्वतःची अशी मुक्ती नाही, नवऱ्याची सेवा हाच तिचा मार्ग. वाचणारी बाई आणि लिहिणारे सगळे पुरुष. विचार करा, काय वाटलं असेल तिला?

१८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. एकीकडं माहेर संपलेलं आणि दुसरीकडं नवऱ्याच्या जातभाईंनी दोघांना वाळीत टाकलेलं. तरी ती दोन वर्षं सुखाची गेली. मुलगी झाली, मनोरमा. ती दहा महिन्यांची असताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं बिपिनबाबू गेले. रमाबाई तेव्हा अवघ्या २३ वर्षांच्या होत्या.

त्या काळी विधवा होणं म्हणजे काय, हे आपल्या पणज्यांना माहीत होतं. कुणाच्या घरी पडून राहण्याऐवजी रमाबाई मुलीला काखेत घेऊन पुण्याला आल्या. बायकांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगापुढं साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, असं ठणकावून सांगितलं. हे सगळं १८८२ या एका वर्षात!

आपणही डॉक्टर व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. पुण्यात वाँटेजच्या सेंट मेरी मठाच्या सिस्टर काम करायच्या. त्यांच्या ओळखीनं रमाबाई १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. बरोबर आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. निघण्याआधी रमाबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मी काही धर्म बदलणार नाही.

विहिरीवरची बाई

मग बदलला कसा?

वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळच्या फुलॅमचा आपला आश्रम दाखवला. समाज ज्यांना वाया गेलेल्या म्हणतो, अशा बायकांना तिथं आसरा मिळायचा. चांगल्या घरच्या, शिकलेल्या सिस्टर त्या बायकांची सेवा करत होत्या, आजारपणात उशाशी बसत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. आपल्याकडं पाय घसरलेल्या बाईला फक्त शिक्षा असते, हे त्यांनी वाचलं होतं आणि डोळ्यांनी पाहिलंही होतं. तिला पुन्हा माणसात आणायचं असतं, ही गोष्ट त्यांना नवीन होती.

हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट दाखवली. भर दुपारी एक बाई विहिरीवर पाण्याला येते. तिची जात हलकी मानलेली, चालचलणूक गावाच्या तोंडी झालेली. येशू तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. ज्यांच्यात पाण्याचा व्यवहार नाही, तिथं पाणी मागतो! तिच्याशी बोलतो, आणि सांगतो की देवाची भक्ती या डोंगरावर करायची की त्या शहरातल्या मंदिरात, हा प्रश्नच आता उरणार नाही. भक्ती मनातून आणि खरेपणानं व्हायला हवी.

पाणवठ्यावरची शिवाशिव म्हणजे काय, हे इंग्रज सिस्टरपेक्षा रमाबाईंना जास्त कळत होतं. जन्मभर एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायपीट केलेल्या त्या मुलीला ही गोष्ट कुठं जाऊन लागली असेल, याची कल्पना करा.

पण हा काळ सोपा नव्हता. रमाबाई धर्म बदलतील या धास्तीनं आनंदीबाई भगत मनानं खचली होती. परक्या देशात तिनं स्वतःचा जीव घेतला. रमाबाई हादरून गेल्या. त्या दुःखातच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडं पुण्या-मुंबईत टीकेची झोड उठली.

क्रूसावरची अक्षरं

आता येतं ते दुसरं भांडण.

मठात रमाबाईंची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडं होती. रमाबाई त्यांना प्रेमानं आजीबाई म्हणायच्या. आजीबाईंचाही या मायलेकींवर खरा जीव होता. पण त्यांची अपेक्षा साधी होती. बाप्तिस्मा झाला, आता चर्च सांगेल ते मानायचं, बिशप सांगतील ते ऐकायचं. नवखीनं प्रश्न विचारायचे नाहीत.

नेमकं तेच रमाबाईंना जमेना. प्रत्येक गोष्ट बायबलमध्ये कुठं लिहिली आहे, असं त्या विचारायच्या. त्रैक्याची शिकवण त्यांच्या बुद्धीला पटेना, तर तसं सरळ लिहून टाकायच्या. इंग्लंडमध्येच किती पंथ आहेत, आणि प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो, हेही त्यांनी पाहिलं होतं. मग एकाच पंथाच्या चौकटीत मी का बसू, असा त्यांचा सवाल. येशूवर विश्वास आहे, त्याची आज्ञा मानते, एवढं ख्रिस्ती असायला पुरे नाही का?

गळ्यात घालायच्या क्रूसावरून खटका उडाला. त्याच्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, ही भाषा मला येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही, ती माझ्या गळ्यात कशाला? त्याऐवजी संस्कृत शब्द असू द्या. संस्कृत देवांची भाषा आहे म्हणून नको, माझ्या देशाची जुनी, सुंदर भाषा आहे म्हणून हवी.

जेवणावरून तेच. रमाबाई मांस, मासे, अंडी काही खात नसत. अंडं घातलेलं पुडिंगही नाही. आजीबाईंना वाटायचं, हा जुना ब्राह्मणी ताठा अजून गेलेला नाही. रमाबाईंचं म्हणणं, मी सगळ्यांच्या पंगतीला बसते, कुणाच्याही हातचं खाते. मग मुक्या प्राण्याला मारून खाल्लंच पाहिजे, असा नियम कुठला? ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढं त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळं डॉक्टरकीचं स्वप्न सोडावं लागलं होतं. कॉलेजात त्या संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायच्या. तिथं काही पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावं, असं घाटत होतं. ते कळताच हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची बदनामी होईल, तिच्या कामाला धक्का पोचेल, असं त्यांचं मत पडलं.

रमाबाई संतापल्या. कलकत्त्यात शेकडो पुरुषांच्या सभेत बोललेली बाई ही! वडील, भाऊ, नवरा, कुणी तिला कधी अडवलं नव्हतं. आणि आता मुक्ती देणाऱ्या धर्मात येऊन पुरुषांपुढं बसायची बंदी? त्यांनी कळवलं, की पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, तसलंच दुसरं आता चढवून घेणार नाही. त्यांच्या मनाला देवानं दिलेलं स्वातंत्र्य त्या कुठल्याही बिशपकडं गहाण ठेवणार नव्हत्या.

मनोरमेवरूनही ताण होता. तिला कुठली प्रार्थना शिकवायची, कुठली शिकवण द्यायची, हे आजीबाईंनी ठरवायचं की आईनं? पोरीची आई मी आहे, हे रमाबाईंना अनेकदा पत्रातून सांगावं लागलं.

हा सगळा पत्रव्यवहार पुढं सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला आणि १९७७ साली महाराष्ट्रात पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाला. वाचताना जाणवतं, की दोघींनाही एकमेकींचं दुःख होत होतं. तरी कुणी दार बंद केलं नाही. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील मधल्या मध्ये दोघींना समजून घेत राहिल्या. अशी एखादी मधली बाई प्रत्येक भांडणात असावी, नाही का?

आणि हेही लक्षात घ्या, की रमाबाईंजवळ तेव्हा काहीच नव्हतं. पैसा नाही, घर नाही, नातलग नाही, मायदेशी नाव खराब झालेलं. ज्यांच्या आधारावर त्या आणि त्यांचं लेकरू जगत होतं, त्यांनाच त्या नाही म्हणत होत्या. मनातून पटलेलं नसताना हो म्हटलं असतं तर आयुष्य किती सोपं झालं असतं!

दार उघडं ठेवलं

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशींचा डॉक्टर होण्याचा सोहळा फिलाडेल्फियात होता. तिथंच त्यांनी उच्चवर्णीय हिंदू बाईच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली, आणि मदतीसाठी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. दहा वर्षं पैसे देण्याचं तिनं कबूल केलं. अट अशी, की शाळेत धर्माचा प्रचार होणार नाही.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढं महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई कर्वे झाली. सदनात ब्राह्मण मुलींना आपले सोवळ्याओवळ्याचे नियम पाळायची मुभा होती, स्वयंपाक वेगळा होता. स्वतः रमाबाईंचा त्यातल्या कशावर विश्वास नव्हता. पण आपल्यावर कुणी लादलेलं चालत नाही, तर आपणही दुसऱ्यावर लादायचं नाही, हा त्यांचा हिशोब सरळ होता.

पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. याच सुमारास रमाबाईंच्या मनात मोठी उलथापालथ झाली. आठ वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, वाद घातले, ग्रंथ वाचले, पण आत समाधान नव्हतं. एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. आपण बुद्धीनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ज्याच्यामुळं तो धर्म आहे तो ख्रिस्त आपल्याला अजून भेटलाच नाही, असं त्यांना वाटलं. १८९१ च्या सुमारास त्यांनी स्वतःला पूर्णपणे त्याच्या हवाली केलं. आपल्या कमाईनं देव मिळत नाही. तो आधीच प्रेम करतो, आपण फक्त विश्वास ठेवायचा आणि तेच प्रेम पुढं द्यायचं, ही त्यांची श्रद्धा झाली. उपास करून, तीर्थं करून थकलेल्या आईबापांची मुलगी ती. तिला या विचारानं किती हलकं वाटलं असेल!

पण याचीच किंमत मोजावी लागली. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात बोभाटा झाला. 'केसरी'नं झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. रमाबाईंचं उत्तर इतकंच होतं, की मी कुणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला हाकलणार नाही आणि माझं दारही लावणार नाही.

विरोधकांचं सगळंच चुकलं होतं, असं म्हणता येणार नाही. विश्वासानं मुली सोपवलेल्या आईबापांना भीती वाटणारच. ज्या बाईवर मुलींचं प्रेम आहे, तिच्या श्रद्धेची ओढ न सांगताही लागते. या प्रश्नाला सोपं उत्तर तेव्हाही नव्हतं.

केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकली आणि रमाबाईंना आपले पानं खाऊन काढलेले दिवस आठवले. उठल्या आणि निघाल्या. बैलगाडीनं, रेल्वेनं फिरत रस्त्याच्या कडेला पडलेल्या, दलालांच्या हाती सापडू शकणाऱ्या मुली गोळा केल्या. सुमारे ३०० मुली आल्या. पुण्यात प्लेगमुळं त्यांना ठेवता येईना. तेव्हा पुण्याजवळच्या केडगावला घेतलेल्या माळावर छपरं घातली. हेच मुक्ती सदन.

इथं जात विचारली जात नव्हती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर इथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवण, शेती, दूध, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुली चालवायच्या. म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीतीसदन झालं, आंधळ्यांना बोटांनी वाचायला शिकवायची सोय झाली. आणि कृपासदन झालं, फसवल्या गेलेल्या, वाटेवर टाकलेल्या बायकांसाठी. फुलॅमला पाहिलेलं दृश्य केडगावच्या माळावर उभं राहिलं.

पुण्यात १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांचे हाल झाले, तेव्हा रमाबाईंनी वर्तमानपत्रात सरकारवर उघड टीका केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

१९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेचं मोठं भरतं आलं. मुली रडत, मोठ्यानं एकाच वेळी प्रार्थना करत. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी मुलींचीच बाजू घेतली. आमच्या बायका आमच्या रीतीनं देवाशी बोलतील, तुमच्यासारखंच शिस्तीत का बसायचं, असं त्यांचं म्हणणं.

केडगावात रमाबाई आता उघडपणे ख्रिस्ती शिकवण देत होत्या. बॉस्टनशी केलेला दहा वर्षांचा करार संपला होता. इथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोरीला अन्न देणारा हातच धर्मही देत असेल, तर तिची निवड कितपत मोकळी, असं टीकाकार विचारत आले आहेत, आणि हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. स्वतःच्या मनाच्या मोकळिकीसाठी इतकं झगडलेल्या बाईपुढं तर तो आणखीच टोकदार होतो. पण त्या मुलींना दुसरं कुणी घ्यायला आलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

साध्या बाईला कळेल असं

आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली. बायबलचं मराठी भाषांतर. आधीचं भाषांतर त्यांना जड, संस्कृत शब्दांनी भरलेलं वाटायचं. ज्या बाईनं एके काळी क्रूसावर संस्कृत मागितलं, तीच आता म्हणत होती की खेड्यातल्या, नुकतं वाचायला शिकलेल्या बाईला कुणी न समजावता कळलं पाहिजे. मूळ वाचता यावं म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणं सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं.

का एवढा अट्टहास? बाईला स्वतः वाचता आलं, की तिला सांगणारा मधला माणूस लागत नाही. पुरोहित नको, बिशप नको. अगदी रमाबाईसुद्धा नकोत.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या कामाचा भार उचललेली एकुलती लेक चाळिशीत गेली. मागं रमाबाई काम करत राहिल्या. भाषांतराचं काम पुरं होत आलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. ते संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ साली बाहेर पडलं. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही निराधार बायका-मुलांना आसरा देतं.

रमाबाईंचा धर्म आपला असेल किंवा नसेल. पण प्रत्येकीच्या घरात, मनात नियमांचं एक गाठोडं असतंच. या दिवशी हे खायचं नाही, तिनं ओटी भरायची नाही, हिनं पुढं यायचं नाही, अमुक केलं नाही तर देव कोपतो. त्यातलं किती आपण प्रेमानं करतो आणि किती भीतीनं, हे कधी उघडून पाहिलंय? रमाबाईंनी पाहिलं, दोनदा पाहिलं. भीतीचं होतं ते खाली ठेवलं. मग मोकळ्या झालेल्या हातांनी त्या काय करत बसल्या? दुष्काळात टाकलेल्या पोरींना उचलत बसल्या.

नियम मोडणाऱ्या बायका पुष्कळ असतात, आणि त्यांना नावं ठेवणारेही पुष्कळ. मोडल्यानंतर हातांचं काय केलं, हे मात्र फार थोडे विचारतात. रमाबाईंकडं त्याचं उत्तर होतं. केडगावच्या माळावर ते अजून उभं आहे.